डीपीमागची सांदवाडी

लग्नाच्या बायोडाटात 'स्वभाव' नावाचा एक रकाना असतो. त्यात कोणी 'तापट' असं लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. सगळे मनमिळाऊ. या बायोडाटांवर विश्वास ठेवायचा तर तुमसरपासून लाखांदूरपर्यंत अख्ख्या भंडारा जिल्ह्यात कोणी कोणावर आवाज चढवत नाही, उपवर मुलं झाडून निर्व्यसनी आहेत आणि झाडून सगळ्यांना वाचनाची आवड आहे. मग संध्याकाळी पानठेल्यांवर जी गर्दी असते ती बहुधा गोंदियाहून येत असावी.

हे बायोडाटे आता कागदावर येत नाहीत. समाजाच्या वधू-वर गटात पीडीएफ येऊन पडते. वर गणपती, कडेला वेलबुट्टी, उजव्या अंगाला फोटो, खाली 'अपेक्षा : अनुरूप'. मजकूर सगळीकडे जवळपास एकच, त्यामुळे तो वाचायचे कष्ट कोणी घेत नाही. वाचला जातो तो फोटो, आणि तो कसा वाचायचा हे माझ्या मोहाडीकडच्या मावशीकडून शिकावं.

नात्यातल्या एका मुलीसाठी आलेला बायोडाटा तिने माझ्यासमोर धरला. "फोटू मोठा कर." मी मुलाचा चेहरा मोठा केला. पांढरा शर्ट, काळा गॉगल, एक हात ट्रॅक्टरच्या मडगार्डवर. "चेहरा नोको दाखवू गा. चेहरा त सगळ्याइलेच असते. मागं जाय." मग मी दोन बोटांनी फोटो सरकवत राहिलो आणि ती मागचं एकेक न्याहाळत गेली. ट्रॉलीच्या फळीवर रंगवलेलं नाव मुलाच्या आडनावाशी जुळत नव्हतं. तणसाचा ढीग काळा पडलेला, म्हणजे गेल्या सालचा. म्हणजे ते खायला गोठ्यात जनावर उरलेलं नाही. दारात चपलांचे बरेच जोड, त्यांतला एक शाळकरी पोराचा. छपरावरची कवेलू फेरलेली. तुळशीला ताजा चुना, ओटा शेणाने सारवलेला, आणि तो बिचारा ओटा फोटोत जेमतेम अर्धाच आलेला. मावशीने निकाल दिला, "टॅक्टर दुसऱ्याचा हाये. पन घर मानसाचं हाये. लाव फोन."

मला त्या निकालाची मोठी गंमत वाटली. पोरगं थाप मारतंय हे तिने पकडलं होतं, पण तेवढ्यावरून तिने त्याला मोडीत काढलं नाही. ट्रॅक्टर त्याने मुद्दाम समोर घेतला होता, ओटा चुकून आला होता. तिने मुद्दाम दाखवलेलं वजा केलं आणि चुकून दिसलेलं धरलं. आमच्याकडच्या घराला पुढे छपरी असते, मागे सांदवाडी. छपरीत पाहुण्यासाठी खुर्ची, भिंतीवर देवाचं कॅलेंडर. सांदवाडीत घासायची भांडी, वाळत घातलेली फाटकी चादर, पाण्याचा हौद आणि कोंबड्या. मोबाइलवर आपण सगळे छपरी मांडून बसतो. बघणाऱ्याची मान मात्र सांदवाडीकडे वळलेली असते.

हे शास्त्र मावशीने एकटीने काढलं असा माझा समज होता. पण अर्विंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९४९ ते १९५१ या काळात स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर मुक्काम ठोकून जवळपास हेच पाहिलं होतं. माणूस रोजच्या जगण्यात स्वतःला कसा सादर करतो यावरचं त्याचं पुस्तक १९५६ साली आलं. त्यात एक शेतकरीण आहे. बाहेरगावच्या पाहुण्याला ती जेवायला वाढते. पाहुणा तोंडभरून कौतुक करतो, ती हसून ऐकून घेते. पण लक्ष असतं त्याचा चमचा किती झपाट्याने तोंडाकडे जातो याच्याकडे. माणूस जे सांगतो ते एक आणि त्याच्याकडून जे सांडतं ते दुसरं, असा भेद गॉफमनने केला. आमच्या मावशीने गॉफमन वाचलेला नाही. गॉफमन मात्र भंडाऱ्याला आला असता तर जेवणावळीत वाढपी भाताचं पातेलं घेऊन पुढे सरकताना कोणाच्या पत्रावळीकडे कसा बघतो, यावर त्याने आणखी एक प्रकरण लिहिलं असतं.

मोबाइलच्या आधी ही पारख मंडईत व्हायची. दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं आणि दंडार, रात्री नाटक, तेही पहाटेपर्यंत. घरोघर पाहुणे. धान कापणीला आलेलं असतं किंवा बांधीत पुंजनी लागलेली असतात, हातात चार पैसे येणार म्हणून माणसं जरा सैल झालेली असतात, आणि अशात सोयरिकीच्या गोष्टी निघतात. पोरगा समोरून जातो, कोणीतरी विचारतं, "कोनाचा होय हा?" उत्तर पोरगा देत नाही, त्याचा बापही देत नाही. ते पानठेलेवाला देतो, नाहीतर त्याच गावात दिलेली कुणाची तरी बहीण. स्वतःबद्दल स्वतः बोलायची वेळच कोणावर येत नसे. ते काम तिऱ्हाइताकडे होतं आणि तिऱ्हाइताला त्यात रसही दांडगा होता. १९९३ साली 'न्यूयॉर्कर'मध्ये पीटर स्टायनरचं एक व्यंगचित्र छापून आलं, ते पुढे जगभर गाजलं. संगणकासमोर बसलेलं कुत्रं दुसऱ्या कुत्र्याला सांगतं, की इंटरनेटवर आपण कुत्रं आहोत हे कोणाला कळत नाही. साकोलीकडच्या कुठल्याही गावात ते कुत्रं कोणाचं, कोणाच्या दारात झोपतं आणि कोणाच्या कोंबड्यांवर त्याचा डोळा आहे, हे पहिल्या मिनिटात सांगितलं गेलं असतं.

या तिऱ्हाइताचं कौतुक करताना मी जरा अडखळतो. ज्याच्याबद्दल सांगायला गावात कोणीच नाही, त्याने काय करायचं? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याच्या आठवडी बाजारात भिक्षा मागत फिरणारे पाच जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. 'हे कोनाचे' याला तिथे उत्तर देणारं कोणी नव्हतं, आणि जमावाने त्यांना ठार मारलं. फिरवलेल्या मजकुराला 'फॉरवर्डेड' अशी खूण त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपवर दिसू लागली. खूण चांगली आहे, पण ती निरोपाला लागते. निरोप ज्याच्याबद्दल आहे त्याला आपली बाजू सांगायला ती जागा देत नाही. तेव्हा जुन्या मंडईच्या आठवणीने फार गहिवरून येऊ नये, असं मी स्वतःला बजावत असतो. ज्याची ओळख गावाला नव्हती त्याला गाव कधी फार मायेने वागवत होतं, असं नाही.

उलट, आपलं नाव आपणच लिहावं ही इच्छा या मातीत फार जुनी आहे. जिल्ह्यातल्याच पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केलं, तेव्हा मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. तिथल्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांहून जुनी. कोणी राजा म्हणून नव्हे, दान दिलं म्हणून तिथे आहेत. बिचाऱ्यांना ना फोटो लावता आला ना 'स्वभाव : मनमिळाऊ' लिहिता आलं. दगड महाग, कोरणारा महाग, शब्द मोजून. आज शब्द फुकट आहेत. दगड कोरायला पैसे पडायचे म्हणूनच त्यावर लिहिलेलं आपल्याला खरं वाटतं की काय, असा एक चहाटळ संशय मला अधूनमधून येतो.

फुकट झालं की काय होतं ते अंभोऱ्याच्या पुलाने दाखवून दिलं. वैनगंगेवरचा, नागपूर आणि भंडारा हे दोन जिल्हे जोडणारा हा केबलचा पूल २०२४च्या सुरुवातीला खुला झाला. उंच खांब, त्याच्यात बघायची गॅलरी, खाली नद्यांचा संगम. त्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या निम्म्या तरुणांच्या डीपीत मागे त्याच तारा होत्या. पहिल्या पाच-पन्नास जणांचा रुबाब झाला. नंतर त्या फोटोवरून एवढंच सिद्ध व्हायचं, की त्या दिवशी गाडीत पेट्रोल होतं. आता पोरं पुलावर उभी राहून पुलाकडे पाठ करतात आणि दुसरीकडेच कुठेतरी बघतात, जणू पूल मागे आहे हे त्यांच्या गावीही नाही. चुकून आलेलं लोक खरं मानतात, हे पोरांना कळलंय. म्हणून ती आता चुकणंसुद्धा ठरवून चुकतात. मावशीचं शास्त्र इथे जरा अडचणीत येतं. पण तिचा डोळा तयार आहे. "हा मुद्दामच तिकडं पाहून रायला," हेही ती सांगते.

शिकलेल्यांचं याहून बरं असेल असं समजू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठात बी. जे. फॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २६८४ लोकांना संकेतस्थळं दाखवून विचारलं, यातलं कोणतं भरवशाचं वाटतं आणि का? जवळपास ४६ टक्के शेऱ्यांमध्ये कारण म्हणून आलं ते दिसणं : मांडणी, रंग, अक्षर. म्हणजे पैशांबद्दलचा आणि तब्येतीबद्दलचा सल्लासुद्धा लोक छपरी बघून घेत होते. मावशी निदान मागे तरी जाते.

मग निळ्या खुणेचा मार्ग निघाला. ट्विटरने २००९ साली ती सुरू केली ती नामवंतांच्या नावाने तोतये वावरू नयेत म्हणून. २०२२च्या शेवटी ती विकत मिळू लागली, आणि एप्रिल २०२३मध्ये फुकटवाल्यांची काढून घेतली. अमिताभ बच्चन यांनासुद्धा पैसे भरून, हात जोडून, 'आता ते निळं कमळ परत लावा' अशा थाटाची थट्टेखोर विनवणी जाहीरपणे करावी लागली. त्याच वर्षी जूनमध्ये फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्यांनीही भारतात खूण विकायला काढली, मोबाइलवरून महिन्याला ६९९ रुपये. आमच्या ओळखीच्या एका तरुण पुढाऱ्याने ती घेतली. गावातल्या लोकांना वाटलं, मोबाइलला काहीतरी झालंय. एकाने ती खूण अंगठ्याने पुसूनही पाहिली.

सोयरिकीत निळ्या खुणेला विचारतं कोण? तिथे चालतो सातबारा. बायोडाटात 'पाच एकर ओलिताची शेती' असं वाचलं की मुलीचा मामा महाभूलेख उघडतो. जिल्हा, तालुका, गाव निवडतो, आडनाव टाकतो. मग ते संकेतस्थळ वाकडीतिकडी अक्षरं दाखवून त्यालाच आधी सिद्ध करायला लावतं, की तू माणूस आहेस, यंत्र नाहीस. दुसऱ्याची पारख करायला निघालेल्या मामाला त्या अक्षरांत हमखास दोनदा नापास व्हावं लागतं. त्यानंतर सातबारा उघडतो आणि पाच एकरांवर काकांची, आत्यांची, वारलेल्या आजोबांच्या वारसांची अशी नावांची रांग दिसते. पोराच्या वाटणीला येते ती बांधाला चिकटलेली एक बांधी. मामा मनातल्या मनात भागाकार करतो, आणि मग नजर 'इतर अधिकार' या रकान्यावर जाते. तिथे सेवा सहकारी संस्थेच्या कर्जाचा बोजा. मला वाटलं होतं, इथे सोयरीक मोडणार. पण मामाचा चेहरा उजळला. "सोसायटीनं कर्ज देल्लं हाये, म्हंजे मानूस वळखीचा हाये." बायोडाटात 'निर्व्यसनी' असं तीन ठिकाणी लिहूनही जे जमलं नव्हतं ते त्या बोजाच्या एका ओळीने केलं. शिवाय तेवढाच बोजा मामाच्या सातबाऱ्यावरही होता. माणसाला आपल्यासारखा माणूस खरा वाटतो. (पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. मामाने मात्र फुकटचाच बघितला. एवढ्या विश्वासाला पंधरा रुपये कशाला?)

सरकारनेही अखेर हाच फोटोचा मार्ग धरला, आणि मला तो मनापासून आवडला. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आधी तलाठी येऊन, किंवा न येता, कोणत्या गटात काय पेरलंय ते लिहायचा. आता शेतकऱ्याने स्वतः बांधीत उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि स्वतःच नोंद करायची. पुढे, शेतकऱ्याने सांगितलेलं खरं धरायचं, फक्त दहा टक्के नोंदी तलाठ्याने तपासायच्या, असा नियम केला. नोंद चुकली तर ४८ तासांत एकदा स्वतःच दुरुस्त करायची सोय. (तलाठ्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात त्या लांबलचक नावाने हाक मारली तर तो स्वतःही मागे वळून बघणार नाही.) फोटो काढताना तुम्ही आपल्या गटापासून लांब असलात तर मोबाइल तसं सांगतो. म्हणजे घरी खाटेवर बसून दुसऱ्याचं धान आपलं म्हणून दाखवायची चैन नाही. आपण सगळे जिथे एकमेकांच्या डीपीवर संशय घेतो तिथे सरकारने, तेही महसूल खात्याने, दहातले नऊ खरे असं मनाशी धरून चालावं, हे जरा चकित करणारं आहे.

त्या फोटोंची तऱ्हा बघण्यासारखी असते. रोवणीनंतरच्या चिखलात मोबाइल सांभाळत उभं राहायचं, उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, रेंज बोडीच्या पाळीवर जाईपर्यंत मिळत नाही. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या फोटोत धानाबरोबर त्याची स्वतःची छत्रीसकट सावली आली, धुऱ्यावर ठेवलेला जेवणाचा डबा आला आणि दूरवर वाकून रोवणी करणाऱ्या बायांच्या पाठी आल्या. तो ओशाळला, "साफ फोटो नाही आला." माझ्या मते त्या वर्षी जिल्ह्यात काढलेल्या फोटोंत याहून साफ फोटो नव्हता. लग्नासाठी कधी लागलाच तर हाच लाव, असं मी त्याला सुचवलं. त्याचं लग्न होऊन वीस वर्षं झाली आहेत, हे त्याच्या बायकोने मागून सांगितलं.

हल्ली एक नवी पंचाईत आहे. सगळ्यांची भाषा एकाएकी सुधारली आहे. आमच्या गल्लीत नोकरीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. वर्षानुवर्षं ते गटावर 'वाढदीवसाच्या हार्दीक शूभेच्छा' असं लिहायचे, आणि दीर्घ बघून कळायचं, की काका उठले, चहा झाला. मग नातवाने त्यांच्या मोबाइलमध्ये लिहून देणारं यंत्र टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी काकांकडून 'आपल्या जीवनप्रवासातील प्रत्येक पाऊल तेजोमय होवो' असा निरोप आला. शुद्धलेखनाची एक चूक नाही. तासाभरात त्यांना चार फोन. दोघांनी विचारलं, मोबाइल चोरीला गेला का? एकाने घाबरत विचारलं, तब्येत बरी आहे ना? मला झाडीपट्टीचं नाटक आठवलं. त्यात नट आज या गावात, उद्या त्या गावात, पुष्कळदा नाटकही वेगळं. तालमीला सवड कुठली? प्रॉम्प्टरचा आवाज पुढच्या रांगेपर्यंत ऐकू येतो आणि प्रेक्षक त्याला नावं ठेवत नाहीत, कारण नट कोण आणि आवाज कोणाचा हे त्यांना वेगवेगळं ऐकू येत असतं. काकांच्या बाबतीत प्रॉम्प्टरच बोलला आणि काका विंगेत राहिले. आता ते परत आपल्या हाताने लिहितात. गटाला बरं वाटतं.

लग्नाच्या पत्रिकेचंही तसंच होऊन बसलंय. पत्रिकेच्या नावाखाली भलतीच फाइल पाठवायची, ती उघडली की मोबाइलचा ताबा चोराकडे आणि बँकेतले पैसेही, हा प्रकार इतका झाला की पोलिसांना जागोजागी सावध करावं लागलं. परिणाम असा, की आता मोबाइलवर आलेली पत्रिका कोणी उघडत नाही. मग पत्रिका पाठवणाऱ्याला फोन करून 'मीच पाठवली' असं सांगावं लागतं, आणि नंबर अनोळखी असेल तर तो फोनही कोणी खरा मानत नाही. माझ्या काकाजींना परवा असाच एका दूरच्या भाच्याचा फोन आला. मी समोरच होतो. नाव सांगितलं, गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. काकाजी बधले नाहीत. हे सगळं बायोडाटातही असतं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांनी विचारलं, "मंडईले आला होता म्हंतो, त मंग आमच्या घरी जेवाले काय होतं?"

"आलू-वांग्याची भाजी," पलीकडून आवाज आला. "तिखट लय झालं होतं, मामाजी. खाऊ नाही वाटली."

"हाव, तूच होय," काकाजी म्हणाले. "सांग आता, लगन कवा हाये?"